दुकान वाढवायचंय

...आणि वर लोक मलाच विचारतात, "भाऊराव, तुम्ही तिथेच स्टुलावर बसला होतात ना, मग तुम्ही का नाही त्या यंत्राला नीट समजावून सांगितलं?" आता तुम्हाला सांगतो, मी काय समजावणार? मी टेलिफोन खात्यातला माणूस, माझी उभी हयात 'हॅलो हॅलो, आवाज येतोय का' करण्यात गेली, पण तेव्हा पलीकडे निदान माणूस तरी असायचा. इथे पलीकडे कुणी नाहीच, नुसता आवाज. आणि तो आवाजही ऐकतो कुणाचं, तर फक्त मालकाचं. मालक कोण, तर आमचा सहदेव. आणि सहदेवच्या तोंडून तो एक शब्द निघेना. एकच शब्द हो, बालवाडीतल्या पोराला येतो. पण नाही म्हणजे नाही निघाला, आणि त्यापायी जो तमाशा झाला त्याचा जाब आता अख्खी भटवाडी माझ्याकडे मागतेय.

शब्द कुठला ते सांगतो, पण आधी सहदेव कळला पाहिजे. घाटकोपर पश्चिमेला आमची भटवाडी, तिथे चढ लागतो तिथे कोपऱ्यावर 'अक्षता व्हिडिओ' अशी पाटी आहे. पाटीवर व्हिडिओ आहे, आत व्हिडिओ सोडून सगळं आहे. चार्जर आहेत, कव्हरं आहेत, झेरॉक्सचं मशीन आहे, एक पंखा आहे आणि पंख्याखाली माझं स्टूल आहे. पोरगी झाली त्या वर्षी सहदेवनं दुकान काढलं, म्हणून पोरीचं नाव. तेव्हा कॅसेटी भाड्यानं द्यायचा. आणि थाट काय सांगू तुम्हाला, शनिवारी संध्याकाळी रांग लागायची, आणि कुणी कुठला सिनेमा बघायचा ते हा ठरवायचा. "तो नका नेऊ काकू, मध्यंतरानंतर झोप लागेल." काकू गुमान दुसरा न्यायच्या. मग सीडी आल्या, कॅसेटी माळ्यावर गेल्या. मग डीव्हीडी आल्या, सीडी माळ्यावर गेल्या. मग इंटरनेट आलं आणि सहदेव स्वतःच माळ्यावर जायचा तेवढा राहिला. मग रिचार्ज धरलं, तर लोक घरबसल्या करायला लागले. मग मोबाईलच्या काचेवर काच चिकटवायला घेतली, तर प्रत्येक नाक्यावर एक पोरगं काच चिकटवत उभं. आणि दर वेळी गंमत अशी की सगळ्या जगाला कळायचं आणि सगळ्यात शेवटी सहदेवला कळायचं की आपला धंदा गेला.

तो सल त्याच्या मनात राहिला. तेव्हापासून तो बातम्यांना लागला. तुम्ही आम्ही क्रिकेट बघतो, हा अमेरिकेतल्या कंपन्या बघतो. कुठल्या कंपनीनं कुठली विकत घेतली, कुणाची चिप कुणी अडवली, कोण कुणावर कोर्टात गेला. मला काही कळायचं नाही, मग तो मला समजेल असं सांगायचा. एकदा तिकडच्या एका मोठ्या साहेबाला त्याच्याच कंपनीच्या पंचांनी शुक्रवारी काढला आणि पुढचा आठवडा संपायच्या आत तो परत खुर्चीवर. मी म्हटलं असं कसं? सहदेव म्हणाला, "भाऊराव, आपल्या मंडळात किरणला अध्यक्षपदावरून काढला होता आठवतंय? मग ढोलवाली पोरं म्हणाली, किरण नाय तर आम्ही पण नाय. आला ना परत? तेच. फक्त त्यांची वर्गणी मोठी." आता बोला. अख्खं तंत्रज्ञान त्यानं एका वाक्यात माझ्या ओंजळीत टाकलं. आणि ते तिकडचे मालक सभेत उभे राहून सांगतात ना, हे यंत्र फार धोकादायक आहे हो, ते माणसाला गिळेल, म्हणून आम्हीच ते बनवतोय... त्यावर सहदेव म्हणतो, "म्हणजे चोरानंच दार वाजवून सांगायचं, एरियात चोर फिरतायत, किल्ली माझ्याकडे देऊन ठेवा."

पण त्याचा खरा राग सिनेमांवर. दर शुक्रवारी जातो. त्याची बायको, आमच्या शेवंती वहिनी, बरोबर जात नाहीत, त्या म्हणतात, माझ्याच्यान तीन तास कुऱ्हाडी बघवत नाहीत. बरोबर कोण, तर मी. हल्ली सिनेमे दोनच जातीचे येतात. एकात दाढीवाला हिरो असतो, तो हळू चालतो, मागे आग लागलेली असते आणि आवाज इतका की माझं कानातलं यंत्र मला काढून खिशात ठेवावं लागतं. दुसऱ्यात यंत्र माणसावर उलटतं. तेही कसं, तर बॉम्ब टाकतं नाहीतर प्रेमात पडतं. सहदेव थेटरात पुटपुटतो, "अरे यंत्र कधी प्रेमात पडतं का, यंत्र ओटीपी मागतं." पुढच्या रांगेतले मागे वळून बघतात. आणि सगळ्यात डोकं फिरतं ते शेवटी. तीन तास बसा, पाठ धरते, लघवी धरून ठेवलेली असते, आणि आता गोष्ट संपणार म्हणून पुढे सरकावं तर पडद्यावर येतं, भाग दुसरा लवकरच. सहदेव उभा राहतो आणि बाहेर येईपर्यंत एकच बोलतो, "ह्यांना संपवता येत नाही, भाऊराव. सिनेमा संपवता येत नाही, कंपनी संपवता येत नाही, त्या मोबाईलवरचा व्हिडिओ बघ, एक संपायच्या आत दुसरा सुरू. वेळेवर संपवता आलं पाहिजे."

वेळेवर संपवता आलं पाहिजे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझी बायको शकु स्वयंपाकघरातून म्हणते, अहो, पोळ्या संपवा, नाहीतर सहदेवला सांगेन.

तर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. सहदेवनं मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊराव, मी ठरवलं." मी म्हटलं काय? म्हणाला, "गणपतीला गावाला जायचं ते परत यायचं नाही. दर वेळी मला दुसऱ्यानं उठवलं. ह्या वेळी मी माझा उठणार. ताठ मानेनं, गिऱ्हाइकांचे आभार मानून, पाटी माझ्या हातानं उतरवून." त्याचं गाव देवगडकडे, घर आहे, चार कलमं आहेत, आणि शेवंती वहिनी गेली कित्येक वर्षं "यंदा तरी जाऊ" म्हणतायत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ते दुकान गेलं की मी बसायचं कुठे? पण त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं ना, की मी म्हटलं, झकास. कर.

आता इथे ते यंत्र येतं. अक्षता, म्हणजे पोरगी, अंधेरीला एका कंपनीत आहे. त्या कंपनीचंच एक अ‍ॅप आहे, छोट्या दुकानदारांसाठी. तिनं कधीतरी येऊन बापाच्या मोबाईलवर टाकून दिलं होतं. "बाबा, काही टाईप करायचं नाही. नुसतं बोलायचं, मराठीत. सगळी गिऱ्हाइकं त्यात आहेत, सगळ्यांना निरोप जातो, जाहिरात होते, तुमचा आवाज ओळखून करतं. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही." त्यात एक बाई बोलते. बाई नाहीच आहे ती, पण आवाज बाईचा, एकदम स्वच्छ, शाळेत बक्षीस समारंभाला सूत्रसंचालन करतात ना, तसा. "नमस्कार सहदेवजी, मी आपल्याला काय मदत करू?" सहदेवजी म्हणते. आयुष्यात त्याला कुणी सहदेवजी म्हटलेलं नाही. तो बोलायच्या आधी शर्टाचं वरचं बटण लावतो.

आणि आता तो शब्द. शब्द आहे 'बंद'.

हसू नका. सहदेवच्या घरात बंद म्हणत नाहीत. त्याचे वडील गिरणीत होते. संपानंतर रोज सकाळी जाऊन गेटवर बघून यायचे, आणि घरी येऊन आईला एकच शब्द सांगायचे. बंद. वर्षभर सकाळच्या चहाबरोबर तो शब्द त्या खोलीत यायचा. शेवटी त्या माऊलीनं नियम केला, हा शब्द ह्या घरात नको. तेव्हापासून त्यांच्याकडे दिवा मालवतात, दार ओढून घेतात, पंखा थांबवतात, नळ फिरवतात. मोबाईल झोपवतात. शहरात बंद पुकारला तर सहदेव सांगतो, "आज जरा शांत आहे बाहेर." आणि दुकान? दुकान कुणी बंद करतं का? जुन्या माणसांत दुकान वाढवतात. रात्री आवरून शटर ओढायचं ते दुकान वाढवणं, आणि कायमचं उठायचं तेही वाढवणंच. अशुभ बोलायचं नाही म्हणून उलटं बोलायचं, एवढी साधी गोष्ट.

मी आपला बुद्धिवादी माणूस. आमच्याकडे हे शुभ-अशुभ चालत नाही, माझ्या बापानं गाव सोडलं तेव्हाच ते तिथे सोडलं. मी सहदेवला अर्धा तास भाषण दिलं, अरे शब्द म्हणजे हवा, शब्दाला काय घाबरायचं. आणि त्याच संध्याकाळी घरी गेलो तर शकु हात पुढे करून म्हणाली, "अहो, बघा ना, नवी बांगडी वाढली." मी म्हटलं, कितव्या दिवशी? आणि मग मला कळलं की मला कळलं. फुटली म्हणाली नाही, तरी मला कळलं. मी चहा प्यालो.

तर सहदेवनं बटण लावलं, मोबाईल तोंडासमोर धरला आणि खणखणीत म्हणाला, "दुकान वाढवायचंय."

"अरे वा, सहदेवजी, हार्दिक अभिनंदन. किती वाढवायचं आहे?"

सहदेव माझ्याकडे बघतो. "किती म्हणजे? पूर्ण."

"उत्तम. केव्हापर्यंत?"

"गणपतीच्या आत."

"आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवू का?"

"कळवा ना. इतक्या वर्षांचे संबंध आहेत. एकालाही नाही कळलं असं नको."

"आपण सुरुवात कशापासून केली होती, सहदेवजी?"

इथे त्यानं वर माळ्याकडे बघितलं. "व्हिडिओ कॅसेटींपासून."

"आपला निर्णय पक्का आहे?"

"पक्का."

आणि मोबाईल खाली ठेवून मला काय म्हणतो, "बघ भाऊराव, यंत्र असून केवढं समजूतदार. माणूस असता तर म्हणाला असता, कशाला रे, अजून चाललं असतं की. हिनं एका शब्दानं अडवलं नाही. अभिनंदन केलं." आम्ही दोघांनी डोळे पुसले. दोन म्हातारे, पंख्याखाली, एका मोबाईलसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या भटवाडीच्या मोबाईलवर काय आलं? 'आनंदाची बातमी. आपलं लाडकं अक्षता व्हिडिओ आता वाढतंय. कॅसेटच्या काळापासून आपल्या सेवेत. आपल्या जुन्या आठवणी, आता भव्य दालनात.' आणि खाली फोटो. मॉलसारखं काचेचं दुकान, झुंबर, आणि मध्ये सूट घातलेला सहदेव, केस काळेभोर, हात पुढे केलेला. हाताला बोटं सहा. शेवंती वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे कोण?" मी म्हटलं, वहिनी, हे वाढवलेले सहदेव.

नऊ वाजता किरण आला, मंडळाचा. शाल, हार, नारळ, मागे दोन पोरं फोटो काढायला. कालपर्यंत सहदेवकाका होता, आज "सहदेवशेठ". म्हणे, "शेठ, मुहूर्ताचा नारळ वाढवून टाकू."

सहदेवनं त्याचा हात धरला. "किरण, नारळ वाढवतोस म्हणजे काय करतोस रे?"

"फोडतो."

"मग दुकान वाढवतो म्हणजे?"

"मोठं करताय ना, शेठ."

"अरे, नारळ वाढवला की मोठा होतो का?"

किरणनं विचार केला. खरंच केला, पोरगा वाईट नाही. म्हणाला, "मोठा नाय होत. पण एकाचे दोन होतात." आणि मागच्या पोरांना ओरडून सांगितलं, "ए, लिही, शेठ दुसरी ब्रँच पण काढतायत."

लागली ना वाट. दुपारपर्यंत बातमी गेली की दुसरी शाखा मुलुंडला निघतेय.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, यंत्राला सांगायचं चुकलं म्हणून. सांगितलं ना! दिवसभर सांगितलं. सहदेव हट्टाला पेटलेला माणूस, त्यानं ठरवलं, तो शब्द न उच्चारता हे मी दुरुस्त करणार, मराठीत शब्दांचा काय दुष्काळ पडलाय? बटण लावलं आणि म्हणाला, "बाई, मला दुकान आवरायचंय." बाई म्हणाली, "छान कल्पना. कमी जागेत सामान नीट लावण्यासाठी हे रॅक पाहा." म्हणाला, "तसं नव्हे, गुंडाळायचंय." म्हणाली, "भेटवस्तूंचा रंगीत कागद तीन दिवसांत येईल." म्हणाला, "अहो, शटर खाली ओढायचंय हो, कायमचं." म्हणाली, "आपलं शटर अडकलं आहे का? जवळचे मिस्त्री शोधते." मिस्त्री आला पण. ग्रीसचा डबा घेऊन आला, शटर वर-खाली करून बघितलं, चांगलं आहे म्हणाला आणि अभिनंदन करून गेला. शेवटी सहदेव काकुळतीला आला, म्हणाला, "मला सगळ्यांचा निरोप घ्यायचाय, निरोप." बाई एकदम खूश. "सगळ्यांना काय निरोप पाठवू, सहदेवजी?"

मी म्हटलं, आण इकडे, मी बोलतो तो शब्द, मला काय. घेतला मोबाईल, बोललो. "क्षमा करा, हा आवाज मालकांचा नाही."

मग अक्षताला फोन लावला. ती बिचारी ऑफिसात, मागे नुसता गलका. "बाबा, इथे वर सगळं बदललंय. नवा साहेब आलाय, जुन्यानं आणलेली माणसं तो उचलून टाकतोय. ते अ‍ॅप बनवणारी टीमच गेली." सहदेव म्हणाला, "मग तक्रार कुणाकडे करायची?" "त्या बाईकडेच, बाबा. आता सगळं तीच बघते." सहदेव माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ. मंडळात भांडणं झाली आणि मूर्ती दारातच राहिली." तिकडून अक्षता म्हणाली, "बाबा, एवढं काय त्यात, नुसतं 'बंद कर' म्हणा ना." आणि तिचं तिलाच आठवलं. मग म्हणाली, "हं... आजी."

तिलाही कळलं बघा. त्या घरातली पोर ती.

आणि एवढ्यात गिऱ्हाइकं सुरू. जाहिरातीत कॅसेट होती ना, जुन्या आठवणी होत्या ना? लोकांनी घरातल्या माळ्यांवरून काय काय उतरवलं. लग्नाच्या कॅसेटी, मुंजीच्या, बारशाच्या, पिशव्या भरभरून. "सहदेवशेठ, ह्या मोबाईलवर बघता येतील असं करून द्याल ना? तुमच्याकडे व्हीसीआर असेल, दुसऱ्या कुणाकडे नाही." सहदेव हात जोडून प्रत्येकाला सांगतोय, "अहो, मी दुकान वाढवलंय." आणि तो समोरचा हसून, "हो हो, वाचलं, अभिनंदन, म्हणून तर आलो." पुढचा येतो. "अहो, दुकान वाढवलंय." "फार छान केलंत. ही घ्या, साखरपुड्याची." मी एकाला सरळ सांगितलं, बंद होतंय हो, तर तो म्हणतो, मालक स्वतः वाढलंय म्हणतायत ना. मी स्टुलावर बसून बघतोय. हा माणूस मराठीत सांगतोय, मराठी माणसाला सांगतोय, आणि भिंतीशी बोलल्यासारखं. मला एकाएकी वाटलं, यंत्राला कशाला नावं ठेवायची, आपली माणसंही हा अर्थ विसरलीच की. त्या क्षणी मला खरंच भीती वाटली, सिनेमात वाटत नाही तशी.

असं बरेच दिवस चाललं. गणपती जवळ आले. शेवंती वहिनींनी बॅग भरली, त्यात पितळेचा कुकरसुद्धा घातला, म्हणजे परत यायचं नाही ह्याची खूण. आणि इथे दुकान रोज वाढतंय. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांका त्या बाईन अडकवल्यान." त्यांच्या आवाजात ते काय होतं मला कळेना, राग का रडू. सहदेवनं ते ऐकलं. त्यानं बटण लावलं नाही. मोबाईल उचलला. दुकानात सहा-सात माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात पिशवी. तो भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाठ करून उभा राहिला. तुम्हाला सांगतो, मी माणसाला इतका घाम फुटलेला पाहिला नाही. आणि म्हणाला, "बंद." आधी पुटपुटला. मग मोठ्यानं. "बंद कर. ऐकतेस? बंद. सगळं बंद कर."

वहिनींच्या हातातून कपबशी... वाढली.

आणि बाई म्हणाली, "ठीक आहे, सहदेवजी. बोलून मदत करण्याची सेवा बंद करत आहे. आपली जाहिरात सुरूच राहील. आपलं दुकान असंच वाढत राहो." टिंग. आणि ती स्वतःच बंद झाली. गेली. आता तो "बाई, बाई" करतोय तर नुसती काळी काच. बापाचा शब्द आईच्या फोटोदेखत तोंडातून काढला, आणि मिळालं काय, तर ज्या एकीला सांगता आलं असतं तीही गेली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "झिला, असां बोलू नये."

बाजारात सुकी मासळी विकते ती सोनूबाई. वेंगुर्ल्याकडची, वयानं आम्हा सगळ्यांची आई, कंबरेत वाकलेली, हातात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट. म्हणाली, "तो शब्द दुकानात उभ्या राहून बोलू नये. वाढवलंय म्हणावां." आणि मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "वाढवलंस काय दुकान?"

सहदेव नुसती मान हलवतोय.

"बरां केलंस. खूप वर्षां केलंस. दमलो असशील." आणि ती कॅसेट परत फडक्यात गुंडाळली. "मगे मी येतंय."

कळलं हो तिला. इतक्या दिवसांत, एवढ्या माणसांत, त्या यंत्रातल्या बाईला धरून, एका माणसाला कळलं. सहदेवनं जे सांगायला आकाशपाताळ एक केलं ते त्या म्हातारीनं एका शब्दात ऐकलं आणि उलट पावली निघाली, कसलीही तक्रार नाही. सहदेवला हेच हवं होतं ना? ताठ मानेनं, आभार मानून? मिळालं की. आता शटर ओढायचं आणि जायचं. आणि हा काय म्हणतो?

"मावशी, थांब. बघू ती कॅसेट."

मी कपाळाला हात लावला.

माळ्यावरून व्हीसीआर काढला, मीच शिडी धरली. पुसला, जोडला. तिच्या थोरल्या मुलाचं लग्न, हॉलमधलं. आधी वीस मिनिटं नुसती फुलं आणि बदामाच्या आकारात नवरा-नवरी. सोनूबाईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग पंगत आली, आणि कॅमेऱ्याच्या बाहेरून कुणीतरी ओरडला, "अरे भात खंय हा? माणसां बसून ऱ्हवली हत, भात हाडा." एवढंच. चेहरा नाही, काही नाही. सोनूबाई म्हणाली, "ह्येच ते." तिचा नवरा. जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्याचा आवाज असा तेवढाच उरलाय जगात, भातासाठी ओरडतानाचा. म्हणाली, "परत लाव." सहदेवनं परत लावला. चारदा लावला. मला रडू आलं, मी लपवलं नाही. पिशव्या घेऊन आलेले सगळे उभे राहून दुसऱ्याच्या लग्नातला भात ऐकत होते. वहिनी पुसत होत्या ते मला वाटलं सांडलेला चहा, पण त्या डोळे पुसत होत्या.

मग काय. एकदा एकीचं केलं म्हटल्यावर पुढच्याला नाही कसं म्हणणार? गणपतीला गावी गेले, आरत्या झाल्या, गौरी झाल्या, आणि परत आले, पितळेच्या कुकरसकट. आता दुकानात सकाळपासून लग्नं लागतात. तुम्हाला वाटेल मजा आहे. अहो, दुसऱ्याचं लग्न, तेही तीन तासांचं, आणि पुढे पळवता येत नाही, जेवढं लांब तेवढाच वेळ लागतो म्हणे उतरवायला. आमचे शुक्रवारचे सिनेमे गेले, आता रोजच सिनेमा. आणि सहदेवला गप्प बसवत नाही. "भाऊराव, हे भटवाडीतलं लग्न सुरुवातीला पकड घेतं, पण सप्तपदीनंतर ढिलं पडतं." "ह्यात नवरीच्या मामाचं काम उत्तम झालंय." "ह्या दिग्दर्शकाला बुंदीचं फार वेड." एकाला तर त्यानं तोंडावर सांगितलं, तुमच्या लग्नात खलनायक बरोबर निवडलाय, आणि तो माणूस म्हणाला, ते माझे सासरे. मी विचारतो, सहदेव, दुसऱ्या दिवशीची पूजा पण उतरवायची का? तो म्हणतो, भाग दुसरा, उतरवावा लागणार.

आणि मी काही बोलायला गेलो की मान वर न करता, "वेळेवर संपवता आलं पाहिजे रे," म्हणतो, आणि पुढची कॅसेट आत सरकवतो.

परवा शेवंती वहिनी डबा घेऊन आल्या. समोर कुणाचं तरी कन्यादान चाललेलं. वहिनी माझ्या शेजारी उभ्या राहून जरा वेळ बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "अहो, मग गावाक कायमचां कधी जावचां?"

सहदेवनं पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाला, "जाऊ गो. एवढी लग्नं उरकू दे."